वहीत नुसते आकडे

वाचकाचं पत्र, थोडक्यात

कल्याणच्या आसपास राहणाऱ्या एका आईने लिहिलं आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा, वजन १४ किलो. जूनमध्ये नर्सरी आणि पाळणाघर एकदमच सुरू झालं आणि तेव्हापासून त्याला सहा वेळा ताप येऊन गेला. जुलैतल्या तापात झटका आला. डोळे फिरले, हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. दोन-तीन मिनिटांत सगळं थांबलं, पण ‘माझ्यासाठी ती मिनिटं अजून चालूच आहेत,’ असं त्या लिहितात. शेजारच्या काकूंनी कांदा हुंगवला. दातखीळ बसू नये म्हणून नवऱ्याने तोंडात चमचा घातला आणि बोट चावून घेतलं. रुग्णालयात ‘तापातला झटका आहे, काळजी करू नका’ असं सांगून दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं.

तेव्हापासून ताप आला की त्या दर तासाला गजर लावून थर्मामीटर लावतात. शंभरच्या वर गेला की पॅरासिटामॉल, दोन तासांत उतरला नाही तर वरून मेफेनॅमिक ॲसिडचं सिरप, जोडीला बर्फाच्या पाण्याच्या पट्ट्या. सासूबाईंचं म्हणणं, गोधडीत गुंडाळा, घाम फुटू दे. दही, केळं बंद. नवऱ्याचं म्हणणं, मागच्या वेळचं अँटिबायोटिक ‘लागू पडलं होतं’, तेच पुन्हा आणू. डॉक्टर म्हणतात, तीन दिवस वाट पाहू. म्हणून डॉक्टर बदलावेत का, असा विचार चालू आहे. त्यांचे प्रश्न दोन: ताप झटपट उतरवून झटका येऊच देणार नाही असं औषध कोणतं? आणि मी नोकरी सोडू का? सोबत तापाच्या वहीच्या दोन पानांचा फोटो आहे.

उत्तर

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि वहीची ती दोन पानं त्याहून जास्त वेळ बघत बसले. ‘पहाटे ३.१०, १०१.२. पहाटे ४.०५, १०१.६. ४.५०, १०१.’ तीन दिवसांच्या ४१ नोंदी. मी बरीच वर्षं मुलांचा दवाखाना चालवला, वॉर्डही सांभाळले, पण साध्या तापाच्या मुलाला दर तासाला उठवून ताप बघा असं मी कुठल्याही नर्सला कधी सांगितलेलं आठवत नाही. त्या दोन पानांत आकड्यांखेरीज एकच ओळ आहे, समासात: ‘खिचडी मागितली, दोन घास.’ आणि तीही तुम्ही खोडली आहे. का खोडलीत? दोन्ही पानांतली सगळ्यात कामाची ओळ तीच होती. ती का, हे सांगायला मला थोडी लांबून सुरुवात करावी लागेल.

आधी झटक्याचं बोलू, कारण बाकी सगळं तिथून सुरू झालंय. सहा महिने ते पाच वर्षं या वयात, शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात असा झटका येतो. या वयात मेंदूची जडणघडण अशी असते की ताप चढताना काही मुलांमध्ये तो क्षणभर गडबडतो. बऱ्याचदा घरात कुणाला तरी लहानपणी असं झालेलं असतं. सासूबाईंना एकदा विचारून बघा, तुमच्या यजमानांना झाला होता का. दवाखान्यात हा प्रश्न विचारला की किती आज्या एकदम गप्प व्हायच्या आणि मग म्हणायच्या, ‘हो, याला यायची की आकडी!’ आणि समोर सहा फुटी बाप्या बसलेला असायचा.

असा साधा झटका, म्हणजे सर्वांगाला आलेला, पंधरा मिनिटांच्या आत थांबलेला आणि त्या दिवसात पुन्हा न आलेला, मेंदूला इजा करून जात नाही. बुद्धी कमी होत नाही, शाळेत मूल मागे पडत नाही. पुढे मिरगीचा आजार होण्याचं प्रमाण शंभरात एक-दोन, म्हणजे इतर मुलांपेक्षा अगदी किंचित जास्त. तिनातल्या एका मुलाला मात्र पुढच्या एखाद्या तापात पुन्हा झटका येतो. हे मी लपवत नाही, कारण तुम्हाला भीती आहे ती त्याचीच.

आता तुमच्या पत्रातला एक तपशील. तुम्ही लिहिलंय की जुलैत झटका आला तेव्हा ‘त्याला ताप आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं, अंगाला हात लावला तेव्हा चटका बसला.’ बहुतेक घरांत हे असंच घडतं. ताप चढण्याच्या पहिल्या काही तासांत झटका येतो, कित्येकदा तापाचा पहिला सुगावा झटक्यानेच लागतो. मग दर तासाच्या गजराने नेमकं काय अडवलं जाणार होतं? याचा नीट अभ्यास झालेला आहे: नियमित, घड्याळ लावून तापाचं औषध दिलं तरी पुढचे झटके टळत नाहीत. पॅरासिटामॉलने नाही, आयबुप्रोफेनने नाही, दोन्ही आलटून पालटून दिल्यानेही नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच निराश करणारं आहे. तुम्ही मागताय ते तापाचं औषध अस्तित्वात नाही. पण त्याची दुसरी बाजू बघा. जुलैत झटका आला तो तुमचं लक्ष नव्हतं म्हणून आला नाही, आणि त्यानंतरच्या तापांत आला नाही तो तुम्ही जागलात म्हणून टळला नाही.

पुन्हा आलाच तर काय करायचं हे मात्र ठरवून ठेवा. भीतीवर तेवढा एकच उतारा मला माहीत आहे. मुलाला जमिनीवर किंवा पलंगाच्या मधोमध एका कुशीवर वळवा, म्हणजे लाळ, उलटी बाहेर पडेल. गळ्याजवळची बटणं सैल करा. घड्याळ बघा, त्या क्षणी आपल्याला अर्धा मिनिट दहा मिनिटांसारखा वाटतो. तोंडात काहीही नाही, म्हणजे चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही, औषध तर नाहीच. या सगळ्यात जीभ गिळली जात नाही, ती भीती खोटी आहे. चमच्याने दात पडतात आणि तो दात श्वासनळीत गेला तर खरं संकट ओढवतं. कांदा, चप्पल हुंगवल्याने झटका थांबत नाही. तो आपोआप थांबायचाच असतो आणि श्रेय कांद्याला जातं. पाच मिनिटांत थांबला नाही, तर १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयाकडे निघा. अशा वेळी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे मिळतो; तो घरात ठेवावा का, किती मारायचा, हे डॉक्टरांना विचारून चिठ्ठी घ्या. वारंवार झटके येणाऱ्या काही मुलांना तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांपुरतं क्लोबाझाम हे झटके रोखणारं औषध देतात. ते तापाचं औषध नव्हे, आणि प्रत्येकाला ते लागतही नाही. एकाच साध्या झटक्यावर मी तरी देत नसे.

एक अपवाद ठळक लक्षात ठेवा. साध्या झटक्यानंतर मूल थोडा वेळ झोपतं आणि तासाभरात ‘आई’ म्हणून उठतं. तसं उठलं नाही, ओळखेनासं झालं, सारखी उलटी होतेय, मान ताठ आहे, झटक्यावर झटका येतोय, तर ‘मागच्या वेळीही असंच झालं होतं’ म्हणून घरी थांबायचं नाही. तो मेंदूज्वर असू शकतो. आपल्याकडे हे पुस्तकापुरतं नाही. असा मेंदूज्वर आणणाऱ्या चांदीपुरा विषाणूला नाव मिळालं ते नागपूरजवळच्या गावावरून, तो १९६५ मध्ये तिथल्या रुग्णांत सापडला, आणि तो मुलांना काही तासांत बेशुद्ध करू शकतो.

हा झाला झटका. आता तापाकडे वळू, आणि इथे मला तुमच्याशी थोडं भांडायचंय.

तुमच्या पत्रात ताप हा घरात शिरलेल्या चोरासारखा आहे, दिसला की हाणायचा. पण ताप बाहेरून येत नाही, जंतू येतात. ते आले की शरीर आपल्याच मेंदूतला एक काटा मुद्दाम वर सरकवतं, ९८ वरून १०२ वर. त्या काट्यापर्यंत पोहोचायला अंगाला उष्णता हवी असते, म्हणून हुडहुडी भरते, हातपाय गार पडतात, मूल पांघरूण मागतं. काटा गाठला की अंग तव्यासारखं तापतं. जंतू गेले, काटा खाली आला की घाम फुटतो. वाढलेल्या उष्णतेत बऱ्याच विषाणूंची वाढ मंदावते आणि आपल्या रक्तातल्या पेशी जास्त जोमाने काम करतात. संसर्गाने आलेला ताप सहसा १०६ च्या पुढे जात नाही, कारण तो काटा मेंदूच्या ताब्यात असतो. ‘ताप डोक्यात जाणं’ हे जे आपण म्हणतो, ते अशा तापात होत नाही. उन्हात बंद गाडीत राहिलेल्या मुलाची गोष्ट वेगळी. तिथे काटा जागेवरच असतो आणि शरीर बाहेरून भाजून निघतं. ते खरंखुरं जीवघेणं, आणि तिथे पॅरासिटामॉलचा उपयोगही नाही.

हे एकदा कळलं की सासूबाईंची गोधडी आणि तुमचा बर्फ, दोन्हींचा न्याय होतो. हुडहुडी भरलेली असताना पोराला पातळ चादर पांघरली तर त्याला बरंच वाटतं, तेवढ्यापुरत्या सासूबाई बरोबर आहेत. अंग तापल्यावरही गोधडी, स्वेटर, कानटोपी ठेवली तर उष्णता अडकते, तिथे त्या चुकतात. आणि बर्फाचं पाणी? काटा १०२ वर आहे आणि तुम्ही कातडी गार करताय. शरीर काय करेल? कुडकुडून पुन्हा ताप चढवेल. कातडीच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, मूल रडरड रडतं, वहीत तासाभरात पुन्हा १०२. कोलन वॉटरच्या किंवा मिठाच्या पाण्याच्या पट्ट्यांचंही तेच, मिठाने काही जास्त होत नाही. फार अस्वस्थ असेल तर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने अंग पुसा, तेही त्याला आवडत असेल तरच. अंगात एकेरी सुती कपडे, खोलीत मंद पंखा. अंघोळ बंद करायचं कारण नाही, कोमट पाण्याने घाला. दही, केळं, ताक, जे मागेल ते द्या. (सासूबाई मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढतात असंही तुम्ही जरा ओशाळून लिहिलंय. काढू द्या की. तेवढी दोन मिनिटं पोरगं मांडीवर शांत बसतं, आणि त्या औषधाला साइड इफेक्ट नाही.)

‘पॅरासिटामॉल याला लागूच पडत नाही’ हे तुमचं वाक्य मला खटकलं, म्हणून मी पत्रात मागे जाऊन डोस शोधला. दीड वर्षाचा असताना डॉक्टरांनी चार मिली सांगितलं होतं, तेच तुम्ही आजही देताय. हिशेब करू. पॅरासिटामॉलचा डोस वयावर नाही, वजनावर असतो, एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. तुमच्या १४ किलोच्या मुलाला १४० ते २१० मिलिग्रॅम लागतं. तुमच्या बाटलीवर ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम लिहिलंय. म्हणजे चार मिलीत १०० मिलिग्रॅम. किलोमागे सातच. तेव्हा तो दहाएक किलोचा असेल, चार मिली पुरत होतं. आज पुरत नाही. त्याला त्या बाटलीतलं साधारण साडेपाच ते आठ मिली लागेल. औषध नापास झालेलं नाही, जुनी चिठ्ठी नापास झाली आहे.

पण म्हणून सरसकट वाढवू नका, कारण याच्या उलट चूक जास्त महाग पडते. त्याच नावाच्या सिरपच्या दोन ताकदी दुकानात शेजारी शेजारी असतात, ५ मिलीत १२५ (किंवा १२०) आणि ५ मिलीत २५०. तान्ह्या बाळाचे थेंब आणखी तीव्र, १ मिलीतच १०० मिलिग्रॅम. केमिस्टने २५० ची बाटली दिली आणि तुम्ही सवयीने आठ मिली पाजलं, तर दुप्पट डोस गेला. जास्तीचं पॅरासिटामॉल यकृतावर जातं, आणि पहिला दिवस काही कळतही नाही. म्हणून बाटली हातात घेतली की आधी लेबल, मग माप. माप सिरिंजने किंवा बाटलीबरोबरच्या झाकणाने घ्यायचं, स्वयंपाकघरातल्या चमच्याने नाही. दोन डोसमध्ये किमान चार तास, शक्यतो सहा, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. सर्दीच्या कित्येक सिरपांतही पॅरासिटामॉल आधीच घातलेलं असतं. ते आणि हे मिळून डोस दुप्पट होतो. सर्दीचं सिरप तसंही या वयात मी देणार नाही. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं सिरप चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच बजावलंय. आणि २०२५ मध्ये छिंदवाड्याची मुलं भेसळीच्या खोकल्याच्या औषधाने मूत्रपिंडं निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत दगावली, ते आपण सगळ्यांनीच वाचलं.

आणखी एक अपेक्षा खाली आणायची आहे. औषध लागू पडलं म्हणजे थर्मामीटरवर ९८.४ दिसलं पाहिजे, असं तुम्ही धरून चालता. पॅरासिटामॉलला अर्धा-पाऊण तास सुरू व्हायला लागतो, पूर्ण असर दोन-तीन तासांनी, आणि तेव्हाही ताप साधारण दोनेक अंशांनीच उतरतो. १०३ चा १०१ झाला आणि पोरगं उठून गाड्या खेळायला लागलं, तर औषधाने आपलं काम चोख केलं. तुमच्या वहीत मात्र तोच १०१ ‘उतरला नाही’ म्हणून लाल पेनाने लिहिलाय, आणि पुढच्या ओळीत मेफेनॅमिक ॲसिड. ते बंद करा. पोटाला आणि मूत्रपिंडाला ते पॅरासिटामॉलपेक्षा जड आहे, मूल पाणी कमी पीत असेल तेव्हा तर जास्तच. आणि पावसाळ्यातला ताप डेंग्यू नाही हे पहिल्या दिवशी कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. डेंग्यूत मेफेनॅमिक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन या साऱ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ॲस्पिरिन मुलांना तापात द्यायचंच नाही. निमेसुलाइड या तापाच्या औषधावर १२ वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून बंदी आहे, तरी मोठ्यांची अर्धी गोळी कुस्करून दिलेली मुलं मी त्यानंतरही पाहिली आहेत.

मग औषध द्यायचं कधी? मूल अस्वस्थ असेल, अंग दुखतंय म्हणून किरकिर करत असेल, त्यामुळे पाणी पीत नसेल, तेव्हा. १०१.५ आहे आणि तो भिंतीवर खडूने रेघोट्या ओढतोय, तर ओढू द्या. झोपलेल्या मुलाला औषधासाठी उठवू नका. झोपही औषधच आहे, आणि तुमच्या घरात सध्या तिचा तुटवडा दिसतो.

आता ती खोडलेली ओळ. मुलाचा आजार किती गंभीर आहे, हे थर्मामीटर फार कमी वेळा सांगतो. १०४ ताप असून पॅरासिटामॉलनंतर हसणारं मूल बहुधा साध्या विषाणूचं असतं, आणि १०० च ताप असलेलं पण मलूल, नजर न देणारं, खेळणं पुढे केलं तरी हात न हलवणारं मूल मला खुर्चीतून उठवायचं. म्हणून वहीत ताप दिवसातून तीन-चार वेळाच लिहा, काख कोरडी पुसून, बीप होईपर्यंत हात दाबून धरून. (कोविडच्या काळातली ती कपाळावर रोखायची बंदूक खेळण्यांच्या टोपलीत टाका.) उरलेल्या जागेत लिहा: शू कधी झाली. पाणी, पेज, वरणाचं पाणी, लिंबूसरबत, ओआरएस, यातलं काय आणि किती वाटी पोटात गेलं. ताप उतरल्यावर कसा होता. खाणं एक-दोन दिवस कमी झालं तर बिघडत नाही, जबरदस्तीने भरवू नका. पण सहा-आठ तास शू झाली नाही तर डॉक्टरांना फोन करायचा.

श्वासही बघा. ताप उतरलेला असताना, शांत झोपेत, पूर्ण एक मिनिट छाती मोजा. या वयात मिनिटाला ४० किंवा जास्त श्वास, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडणं, म्हणजे त्याच दिवशी दाखवायचं. अंगावरचे लाल-जांभळे ठिपके काचेच्या पेल्याने दाबूनही पुसट होत नसतील, तर लगेच. सर्दी नाही, खोकला नाही, नुसताच ताप येतोय, तर लघवी तपासायची, विशेषतः मुलींची. हे फार वेळा राहून जातं. आणि ज्या वाचकांच्या घरी तीन महिन्यांखालचं बाळ आहे, त्यांनी वरचं सगळं विसरा: त्या बाळाला १००.४ किंवा जास्त ताप आला तर घरी काहीही न करता सरळ रुग्णालय, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

आकड्यावर विसंबण्याचा सगळ्यात मोठा धोका डेंग्यूत आहे. चार दिवस ताप, मग पाचव्या दिवशी वहीत ९८.४. तुम्ही सुस्कारा टाकाल, गजर बंद कराल. डेंग्यूत नेमका तोच काळ धोक्याचा असतो. ताप उतरल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपतं, रक्तदाब घसरतो. पोटात सारखं दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार, मूल गळून गेलेलं, अशा वेळी थर्मामीटर ‘सगळं ठीक’ म्हणत असतो. म्हणून ताप उतरला की बरं झालं असं नाही. ताप उतरल्यावर भूक लागली, शू होतेय, खेळतोय, तर बरं झालं. ‘खिचडी मागितली’ ही अशी ओळ आहे.

डॉक्टरांबद्दल. ‘तीन दिवस वाट पाहू’ म्हणणाऱ्या डॉक्टर बदलू नका. पहिल्या दिवशी रक्त तपासून सहसा काही हाती लागत नाही. टायफॉइडची विडाल चाचणी तर पहिल्या आठवड्यात बघण्यात अर्थच नसतो, पुढेही ती फसवते. टायफॉइडची शंका असेल तर रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी, तेही अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. डेंग्यूची एनएस-वन ही रक्ततपासणी मात्र पहिल्या पाच दिवसांतच उपयोगाची. कधी काय तपासायचं हे त्यांना कळतं असं पत्रावरून दिसतं. एवढंच विचारा की वाट पाहायची ती नेमकी कशाची, आणि तोवर काय दिसलं तर रात्रीही फोन करू? हे न सांगता ‘घाबरू नका’ म्हणणं हा आम्हा डॉक्टरांचा जुना दोष आहे. यजमानांना सांगा, मागचं अँटिबायोटिक लागू पडलं कारण ते तिसऱ्या दिवशी सुरू झालं आणि विषाणूचा ताप तसाही चौथ्या दिवशी जाणारच होता. अर्धी उरलेली बाटली फेकून द्या; पाणी घालून केलेलं ते औषध आठवड्या-दोन आठवड्यांत तसंही निकामी होतं.

आता नोकरी. पाळणाघर सुरू झाल्यावर पहिल्या वर्षात आठ-दहा वेळा सर्दी-ताप होणं हे नेहमीचं आहे. प्रत्येक नव्या विषाणूशी एकदा ओळख व्हावीच लागते. ती आता नाही झाली तर पहिलीत होईल. दुसऱ्या वर्षी वारंवारिता कमी होते. मधल्या दिवसांत मूल खातंय, वजन वाढतंय, तर ‘प्रतिकारशक्ती कमी आहे’ म्हणून टॉनिकंही नकोत. पाच वर्षांपर्यंत दरवर्षी पावसाळ्याआधी फ्लूची लस देता येते, त्याबद्दल विचारा. ताप गेल्यावर औषधाशिवाय पूर्ण एक दिवस बरा असला की पाळणाघरात पाठवा. तुम्हाला मुलाजवळ राहायचंय म्हणून, कामाचा कंटाळा आला म्हणून नोकरी सोडायची असेल तर तो तुमचा निर्णय, मी मध्ये पडणार नाही. पण ताप थांबवण्यासाठी सोडत असाल तर ताप थांबणार नाहीत आणि मग तुम्ही स्वतःला आणखी एका गोष्टीचा दोष द्याल. निदान सप्टेंबर संपेपर्यंत राजीनामा लिहू नका. न झोपलेल्या माणसाने कागदावर सही करू नये.

आणखी एक गोष्ट मला वहीत दिसली. ४१ नोंदी, सगळ्या एकाच अक्षरात. तुम्ही पत्रात कुठे तक्रार केलेली नाही, पण ज्या घरात नवरा अँटिबायोटिक सुचवायला जागा असतो तिथे तो शू झाल्याची वेळ लिहायलाही जागा राहू शकतो. नव्या वहीच्या पहिल्या पानावर मुलाचं वजन, तारीख, बाटलीची ताकद आणि डोस किती मिली, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि ते लिहून घ्यायला यजमानांना पाठवा. दर तीन महिन्यांनी वजन करून तो आकडा बदलायचा, तेही त्यांच्याकडे. झटक्यात काय करायचं याची उजळणी दोघांनी आणि सासूबाईंनी मिळून एकदा करा, उशीला कुशीवर वळवून. चमच्याबद्दल त्यांना फार बोलू नका; बोट चावून घेतलेल्या माणसाला धडा आधीच मिळालेला असतो. पुढच्या तापात रात्री दोनपर्यंत तुम्ही, दोननंतर ते. गजर कुणीच लावायचा नाही. साडेतीन वर्षांचं पोर आहे, तहान लागली की हाक मारतं.